टाकी-नळाच्या गणितापासून अणुभट्टीतल्या फुटलेल्या नळीपर्यंत



टाकी आणि नळाची गणितं आपण सगळ्यांनीच सोडवली आहेत. एक नळ टाकी अमुक तासांत भरतो, दुसरा तमुक तासांत रिकामी करतो, दोन्ही चालू ठेवले तर टाकी कधी भरेल? मुलं सूत्र लावतात, उत्तर येतं, पुढचं गणित सुरू होतं. या गणितात एक गृहीतक लपलेलं असतं आणि ते आपण सहसा बोलून दाखवत नाही: नळातून पाणी सतत एकाच वेगाने वाहतं. प्रत्यक्षात टाकी रिकामी होत जाते तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि धारही मंदावते. म्हणजे गळती दाबावर अवलंबून असते आणि दाब गळतीवर. मग सुरुवात कुठून करायची?

याच प्रश्नाचं मोठं आणि जोखमीचं रूप अणुऊर्जा केंद्रात भेटतं. स्टीम जनरेटरमधली एखादी नळी फुटली, तर पाणी कुठून कुठे जाईल, किती वेळात जाईल आणि कर्मचाऱ्यांच्या हातात किती मिनिटं असतील, हे आधीच गणिताने काढून ठेवावं लागतं. हे गणित कसं करतात आणि त्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे आठवी ते दहावीच्या मुलांना सांगता येईल अशा पद्धतीने या पाठात मांडलं आहे. सोबत घरी किंवा वर्गात करता येतील अशा तीन कृती आहेत.

स्टीम जनरेटर म्हणजे काय?

जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांमध्ये पाण्याची दोन वेगळी चक्रं असतात. पहिल्या चक्रातलं पाणी अणुइंधनाला चाटून जातं आणि तापतं. त्याचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. तरीही ते उकळत नाही, कारण त्यावर आपल्या आजूबाजूच्या हवेच्या सुमारे १५० पट दाब ठेवलेला असतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, हे मुलांना माहीत असतं. तत्त्व तेच आहे, दाब मात्र कितीतरी जास्त.

हे तापलेलं पाणी स्टीम जनरेटर नावाच्या उंच टाकीत जातं. या टाकीत उलट्या 'यू' आकाराच्या हजारो बारीक नळ्या असतात. साधारण बोटाएवढ्या जाडीच्या या नळ्यांची भिंत जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरची असते. नळ्यांच्या आतून पहिल्या चक्राचं पाणी वाहतं आणि बाहेरून दुसऱ्या चक्राचं. दुसऱ्या चक्रात दाब निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे तिथलं पाणी उकळतं. त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि वीज तयार होते.

आपल्या महाराष्ट्रात तारापूरला २००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या ४ आणि ३ क्रमांकाच्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आहेत. त्यांतही स्टीम जनरेटर आहेत, फक्त पहिल्या चक्रात साध्या पाण्याऐवजी जड पाणी असतं आणि दाब थोडा कमी असतो.

आता त्या पातळ भिंतीचा विचार करा. ती जाड केली तर उष्णता नीट पलीकडे जाणार नाही, म्हणून ती पातळच हवी. पण पहिल्या चक्रातलं किरणोत्सारी पाणी आणि टर्बाइनकडे जाणारी वाफ यांच्यामध्ये आडवी उभी असते ती हीच भिंत. नळी फुटली तर पाणी अणुभट्टीच्या जाड काँक्रीटच्या इमारतीत सांडून तिथेच राहत नाही. ते दुसऱ्या चक्रात शिरतं, आणि दुसऱ्या चक्राला बाहेरच्या हवेत उघडणारे सुरक्षा व्हॉल्व्ह असतात.

एक खरी घटना: गिना, १९८२

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, रॉचेस्टर शहराजवळ गिना नावाचं अणुऊर्जा केंद्र आहे. २५ जानेवारी १९८२ रोजी सकाळी तिथल्या दोनपैकी एका स्टीम जनरेटरमधली एक नळी फुटली. भेग सुमारे दहा सेंटिमीटर लांब होती. सुरुवातीला मिनिटाला सुमारे २,९०० लिटर पाणी पलीकडे जात होतं. या धारेने आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी वीसेक सेकंदांत भरली असती.

कारण ऐकून मुलं चकित होतात. आधी कधीतरी झालेल्या कामाच्या वेळी धातूच्या पत्र्याचा एक तुकडा स्टीम जनरेटरमध्ये राहून गेला होता. पाण्याच्या प्रवाहाबरोबर तो नळ्यांवर घासत-आपटत राहिला, आणि शेवटी एक नळी फुटली.

अणुभट्टी काही मिनिटांतच आपोआप बंद झाली. पण बंद झाली म्हणजे थंड झाली असं नाही. साखळी अभिक्रिया थांबल्यावरही इंधनात सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत राहते आणि तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते. त्यामुळे इंधनावर पाणी फिरत राहणं भागच असतं. म्हणून आपत्कालीन पंप पहिल्या चक्रात पाणी ढकलू लागले. गंमत म्हणा की पेच म्हणा, हेच पंप दाब वाढवून गळतीही चालू ठेवत होते.

गळती थांबवण्याचा मार्ग एकच होता: पहिल्या चक्राचा दाब उतरवून दुसऱ्याच्या बरोबरीला आणणं. दोन्हीकडे दाब सारखा झाला की पाणी वाहायचं कारणच उरत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला, तर तो उघडाच अडकला. त्यांनी ते ओळखून त्याच्या मार्गातला दुसरा व्हॉल्व्ह बंद केला. तोवर दाब इतका उतरला होता की अणुभट्टीच्या पात्राच्या वरच्या भागातलं पाणी उकळून तिथे वाफेचा फुगा तयार झाला. दुसरीकडे फुटक्या नळीचा स्टीम जनरेटर पाण्याने भरत गेला, त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह काही वेळा उघडला आणि थोडा किरणोत्सार बाहेर पडला. इंधन मात्र शाबूत राहिलं.

दाब फार ठेवला तर गळती चालू राहते, फार उतरवला तर पाणी नको तिथे उकळतं. या दोन्हींच्या मधली वाट किती रुंद आहे आणि ती किती मिनिटं उघडी राहते, हे घटना घडल्यावर शोधत बसता येत नाही. म्हणून आधीच गणित करून ठेवावं लागतं.

कृती १: भोकाची बाटली आणि टप्प्याटप्प्याचं गणित

साहित्य: सरळ बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, कागदी पट्टी, घड्याळ, बादली. बाटलीच्या तळाजवळ चार-पाच मिलिमीटरचं भोक मोठ्या माणसाने पाडून द्यावं. भोकाच्या पातळीला शून्य धरून बाटलीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. भोकावर बोट ठेवून १६ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा. झाकण उघडंच ठेवा.

पाणी सोडण्याआधी मुलांना अंदाज लिहायला लावा. ही पायरी गाळू नका, तिचं कारण पुढे येईल.

समजा पहिल्या १० सेकंदांत पातळी २ सेंटिमीटर उतरली. नेहमीच्या टाकी-नळाच्या पद्धतीने १६ सेंटिमीटर पाणी ८० सेकंदांत संपायला हवं. प्रत्यक्षात ८० सेकंदांनंतर बाटलीत चारेक सेंटिमीटर पाणी शिल्लक असतं आणि ती रिकामी व्हायला साधारण दुप्पट वेळ लागतो. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून असं होतं.

आता हे गणित मुलांकडून टप्प्याटप्प्याने करून घ्या. नियम असा: पुढच्या टप्प्यात पातळी किती उतरेल ते आत्ताच्या उंचीवरून काढायचं, तेवढी वजा करायची, आणि नव्या उंचीवरून पुन्हा तेच करायचं. उंची १६ असताना वर्गमूळ ४ आणि १० सेकंदांतली उतरण २, म्हणजे उतरण वर्गमुळाच्या निम्मी. यावरून १० सेकंदांनी १४, मग १२.१, मग १०.४, असं पुढे जात राहायचं.

गंमत पुढे आहे. वर्गाचे चार गट करा आणि प्रत्येकाला वेगळ्या लांबीचा टप्पा द्या. ८० सेकंदांनंतर किती पाणी उरतं याची उत्तरं अशी येतील:

८० सेकंदांचा एकच टप्पा: ० सेंटिमीटर
४० सेकंदांचे दोन टप्पे: २.३ सेंटिमीटर
२० सेकंदांचे चार टप्पे: ३.२ सेंटिमीटर
१० सेकंदांचे आठ टप्पे: ३.६ सेंटिमीटर
सूत्राने येणारं अचूक उत्तर: ४ सेंटिमीटर

नियम एकच, आकडे तेच, बेरीज-वजाबाकी कोणाचीच चुकलेली नाही, तरीही चार गटांची चार उत्तरं! टप्पा लहान होत जातो तसं उत्तर खऱ्याच्या जवळ सरकतं. अणुभट्टीचं गणित करणाऱ्या संगणकाच्या आत हेच चालतं. गळती आणि दाब यांत 'आधी कोण' हा पेच तो असाच सोडवतो: एका लहान क्षणापुरता दाब स्थिर धरायचा, गळती काढायची, दाब बदलायचा आणि पुढच्या क्षणाकडे जायचं.

मग अणुभट्टीचं गणित अवघड का?

बाटलीत फक्त पाणी होतं. फुटलेल्या नळीत पाणी आणि वाफ दोन्ही एकत्र असतात, आणि त्यांचं आपसांत फारसं जमत नाही. त्यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण: दाब उतरला की तापलेलं पाणी एकदम उकळतं. उष्णता बाहेरून द्यावी लागत नाही, ती पाण्यात आधीच भरलेली असते. (कुकरचा दाब उतरण्याआधी झाकण उघडायचं नाही ते याचमुळे. हे सांगायचं आहे, करून दाखवायचं नाही.) म्हणून प्रत्येक क्षणी किती पाण्याची वाफ झाली आणि कुठे झाली, याचाही हिशोब ठेवावा लागतो.

दुसरी अडचण: भेगेतून पाणी बाहेर पडण्याला कमाल मर्यादा असते. शाळा सुटल्यावर सगळी मुलं वर्गाच्या दारावर लोटतात. बाहेरचं मैदान कितीही रिकामं असलं तरी दारातून एका वेळी ठराविकच मुलं बाहेर पडतात. भेगेतही असंच घडतं. पाणी आणि वाफेच्या मिश्रणाचा वेग त्या मिश्रणातल्या ध्वनीच्या वेगाइतका झाला की बाहेरचा दाब आणखी कमी करूनही प्रवाह वाढत नाही. आणि बुडबुडे असलेल्या पाण्यात ध्वनीचा वेग फारच कमी असतो. नुसत्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर आणि हवेत सुमारे ३४० मीटर असतो. साध्या दाबाला हवेचे भरपूर बुडबुडे मिसळलेल्या पाण्यात मात्र तो काही दहा मीटरपर्यंत उतरू शकतो, म्हणजे दोन्हींपेक्षा कमी!

कृती २: कपात गरम पाणी घ्या, त्यात कॉफीची पूड टाकून ढवळा आणि लगेच चमच्याने कपाच्या तळाशी टकटक करत राहा. सुरुवातीला आवाज जड येतो आणि बुडबुडे विरत जातात तसा चढत जातो. बुडबुड्यांमुळे ध्वनी मंदावतो, हे मुलांना कानाने कळतं.

तिसरी अडचण: पाणी आणि वाफ एकाच नळीत उलट दिशांनी जाऊ शकतात. पहिल्या चक्रातलं पाणी कमी झालं आणि पंप बंद असले, तर वाफ स्टीम जनरेटरच्या नळ्यांमध्ये वर चढते, तिथे थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते पाणी त्याच नळीतून खाली परत येतं. ही चांगली गोष्ट आहे, कारण त्यातून इंधनाची उष्णता बाहेर पडत राहते. पण वर येणारी वाफ फार जोरात असेल तर ती खाली येणाऱ्या पाण्याला अडवून धरते.

कृती ३: पाण्याने भरलेली बाटली एकदम उलटी करा. पाणी सरळ धारेने पडत नाही, 'डबक्‌ डबक्‌' करत पडतं, कारण त्याच तोंडातून हवेला आत शिरायचं असतं. आता दुसरी बाटली उलटी करून गोल फिरवा. मध्ये हवेला वाट मिळते आणि बाटली भरभर रिकामी होते. पाणी तेच, तोंड तेच, तरी वेळ वेगळा. 'किती पाणी' यासोबत 'पाणी कोणत्या रूपात वाहतंय' हेही मोजावं लागतं, ते यासाठी.

संगणकावर हे कसं मांडतात?

सगळ्या पाईपांचे, नळ्यांचे, पात्रांचे कप्पे पाडतात. आगगाडीचे डबे एकामागोमाग जोडावेत तसे हे कप्पे जोडलेले असतात. प्रत्येक कप्प्यासाठी तीन हिशोब ठेवले जातात: वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती. दुकानदाराच्या खतावणीसारखंच. पाण्याचे तीन आणि वाफेचे तीन, अशी प्रत्येक कप्प्याची सहा समीकरणं होतात. अमेरिकेतल्या इडाहो इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेला रिलॅप-५, फ्रान्समधला कॅथार, जर्मनीतला ॲथलेट हे असे हिशोब करणारे प्रसिद्ध संगणकीय कार्यक्रम आहेत.

टप्पा किती लहान हवा, याचा एक सोपा नियम मुलांना सांगता येतो: एका टप्प्यात पाण्याने पूर्ण कप्पा ओलांडून पुढे उडी मारता कामा नये. कप्पा अर्ध्या मीटरचा आणि पाण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर टप्पा ०.१ सेकंदापेक्षा मोठा चालणार नाही. म्हणजे एका तासाच्या घटनेसाठी ३६,००० टप्पे. समजा ५०० कप्पे आहेत आणि प्रत्येकाची सहा समीकरणं, तर एकूण १० कोटी ८० लाख वेळा हिशोब. हा गुणाकार मुलांनाच करू द्या. संगणक का लागतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

उत्तर खरं कशावरून?

माझ्या मते पाठाचा गाभा इथे आहे. संगणकाने आलेख काढून दिला म्हणजे ते उत्तर झालं, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. पण आपण वर पाहिलं की नुसता टप्पा बदलला तर बाटलीचंही उत्तर बदलतं. अणुभट्टीच्या गणितात हा अनुभव चांगलाच परिचित आहे. एकाच संगणकीय कार्यक्रमावर, एकाच प्रयोगाची माहिती घेऊन काम करणाऱ्या वेगवेगळ्या तज्ज्ञ गटांची उत्तरं वेगळी येतात, कारण कप्पे कसे पाडायचे हे प्रत्येकाने आपापल्या समजुतीने ठरवलेलं असतं.

म्हणून गणित प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहतात. इडाहोमध्येच 'लॉफ्ट' नावाची ५० मेगावॅट औष्णिक क्षमतेची खरी छोटी अणुभट्टी याच कामासाठी बांधली होती. डिसेंबर १९७८ मध्ये तिच्यात मोठा पाईप फुटण्याचा प्रसंग मुद्दाम घडवला गेला. इंधनाच्या नळ्या आधी वर्तवलेल्या अंदाजापेक्षा कमी तापल्या. चूक सुरक्षित बाजूला झाली, तरी ती का झाली हे शोधावंच लागलं. अंदाज आधीच लिहून ठेवलेला होता म्हणून फरक दिसला. बाटलीच्या कृतीत अंदाज आधी लिहायला लावायचा तो याचसाठी. पाणी वाहून गेल्यावर प्रत्येकाला वाटतं की 'मला हेच वाटलं होतं'.

जपानमध्ये तोकाई इथे खऱ्या अणुभट्टीच्या १/४८ घनफळाची प्रयोगयंत्रणा उभारली. तिच्यात अणुइंधनाऐवजी विजेवर तापणाऱ्या कांड्या आहेत. मात्र उंची कमी केली नाही, ती पूर्ण ठेवली. का? पंप बंद असताना गरम पाणी वर आणि गार पाणी खाली हे चक्र गुरुत्वाकर्षणामुळे चालतं, आणि त्याचा जोर उंचीवर अवलंबून असतो. ९ फेब्रुवारी १९९१ रोजी जपानच्या मिहामा केंद्रात स्टीम जनरेटरची एक नळी पूर्ण तुटली, तेव्हा तो प्रसंगही याच यंत्रणेत पुन्हा घडवून गणिताशी ताडून पाहिला गेला.

पण छोटी प्रतिकृतीही पूर्ण खरं सांगत नाही. कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, कारण त्याच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ जास्त असतं. तसंच छोट्या यंत्रणेतून उष्णता प्रमाणापेक्षा जास्त निसटते. हाही हिशोब धरावा लागतो.

प्रश्नच अपुरा असेल तर?

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि पहिल्या चक्रातलं पाणी निसटत राहिलं. त्याआधी अभ्यासकांचं बरंचसं लक्ष सगळ्यात मोठा पाईप एकदम तुटला तर काय होईल, याकडे होतं. मोठ्या संकटाची तयारी केली की छोटं आपोआप त्यात येतं, अशी समजूत होती. पण छोट्या गळतीची चाल वेगळीच असते. दाब सावकाश उतरतो, वाफ साठते, आणि पातळी दाखवणारं उपकरण पाणी भरपूर असल्याचं भासवतं. कर्मचाऱ्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून आपत्कालीन पाणी कमी केलं आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. त्यानंतर छोट्या गळतीच्या गणितांना आणि प्रयोगांना पुष्कळ महत्त्व आलं. तीन वर्षांनी गिनामध्ये व्हॉल्व्ह अडकला तेव्हा तो ओळखला गेला.

गणित बरोबर असूनही आपण फसू शकतो, कारण विचारलेला प्रश्न अपुरा असू शकतो. मुलांना हे दहावीच्या आत एकदा तरी कळायला हवं.

वर्गात चर्चेसाठी

१. टाकी-नळाच्या गणितात कोणकोणती गृहीतकं लपलेली आहेत? निदान तीन शोधा.
२. बाटलीच्या प्रयोगात ५ सेकंदांचा टप्पा घेतला तर ८० सेकंदांनंतरचं उत्तर ३.६ आणि ४ यांच्यामध्ये कुठे येईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.
३. गळती थांबवण्यासाठी दोन्हीकडचा दाब सारखा करतात. घरातलं असं दुसरं उदाहरण सांगा.
४. बाटली निम्म्या उंचीची केली तर रिकामी व्हायला निम्मा वेळ लागेल का?
५. हवामानाचा अंदाज किंवा धरणातल्या पाण्याचा अंदाज ऐकताना, तो देणाऱ्याला कोणते दोन प्रश्न विचाराल?

पाचव्या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर नाही. पण 'तुम्ही काय गृहीत धरलं?' आणि 'हे कशाशी ताडून पाहिलं?' असे प्रश्न मुलांच्या तोंडून आले, तर पाठ पोहोचला असं समजायला हरकत नाही. कृती करून पाहिल्यावर तुमच्या वर्गातले आकडे जरूर कळवा, विशेषतः न जुळलेले.